गिर्येला दोष देऊन अवसरीला दिवसा वीज मिळणार नाही

अवसरी खुर्दच्या पारावर, मंचरच्या बाजार समितीत आणि निवडणूक जवळ आली की सभांमधूनही एक युक्तिवाद पुन्हा पुन्हा कानावर येतो. देवगड तालुक्यातल्या गिर्येला ४,००० मेगावॅटचा कोळशावरचा वीजप्रकल्प व्हायचा होता, अलिबाग तालुक्यातल्या शहापूर-धेरंडला १,६०० मेगावॅटचा व्हायचा होता. कोकणातल्या लोकांनी आणि पर्यावरणवाल्यांनी ते होऊ दिले नाहीत, म्हणून राज्याला वीज कमी पडली, आणि म्हणून आंबेगाव-जुन्नरचा शेतकरी आजही मध्यरात्री बिबट्याच्या तोंडाशी दारे धरायला जातो. त्यांचे आंबे वाचले आणि आमची माणसे गेली, इथपर्यंत काही जण बोलून जातात.

हा युक्तिवाद पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत तपासून पाहिला तर त्यातली दोनच विधाने खरी उरतात: ते प्रकल्प विरोधानंतर झाले नाहीत, आणि आपल्याकडचा शेतकरी रात्री दारे धरायला जातो. त्यांना जोडणारे बाकी सगळे चुकीचे आहे. आणि त्या चुकीपायी आपण भलत्याच दारात भांडत बसलो आहोत, म्हणून हे लिहितो आहे.

आधी त्यातल्या दुसऱ्या विधानाबद्दल. रात्रपाळीच्या आठवड्यात काय होते ते अवसरीपासून पारगावपर्यंत कोणालाही विचारा. थ्री फेजची वेळ कागदावर असते, पण वीज त्याच वेळी येईल याचा भरवसा नसतो. म्हणून माणूस आधीच विहिरीवरच्या पेटीपाशी जाऊन बसतो. लाल, पिवळा, निळा असे तिन्ही दिवे लागले की स्टार्टर दाबायचा. पाइपातून आधी हवा फुसफुसते, मग पाणी पाटात पडते. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडे. एका सरीचे दार मोडून पाणी दुसऱ्या सरीला लावायचे तर चिखलात वाकावे लागते, उकिडवे बसावे लागते, आणि उसाच्या फडालगत उकिडव्या बसलेल्या माणसाला बिबट्या भक्ष्य समजू शकतो. ज्यांनी ऑटो स्विच बसवले आहेत ते घरी झोपतात खरे, पण वीज आल्या क्षणी शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम उचलतात, डीपीवर ताण येतो आणि कधी डीपीच जळतो. मग तो बदलून मिळेपर्यंत रात्रीचीही वीज नाही, दिवसाचीही नाही.

जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. इथल्या उसात बिबट्यांच्या पिढ्या जन्मल्या आणि वाढल्या. माणिकडोहला निवारा केंद्र उभारावे लागले ते काही हौसेने नव्हे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घोड नदीपलीकडच्या पिंपरखेडला लागोपाठ माणसे गेली, त्यांत लहान मुले होती, आणि लोक महामार्गावर उतरले. बिबट्या दिवसाही हल्ला करतो, तेव्हा दिवसा वीज मिळाली म्हणजे बिबट्याचा प्रश्न सुटला असे मी म्हणणार नाही. पण शेतकऱ्याला काळोखात, एकट्याने, उसाच्या कडेला उभे करायचे की नाही, हे ठरवणे माणसाच्या हातात आहे. ते आपल्या हातात असूनही आपण केलेले नाही. म्हणून लोकांचा राग रास्त आहे. मात्र त्या रागाने ज्याच्याकडे बोट दाखवले तो दोषी आहे का, हे पाहिले पाहिजे.

तारखांपासून सुरुवात करू. ग्रामीण महाराष्ट्रात बारा-बारा तासांचे भारनियमन होत होते ते २००५ च्या सुमारास. त्याच वर्षी जूनमध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा कंपन्या झाल्या. त्या काळात राज्याचे ऊर्जाखाते आपल्याच तालुक्याचे आमदार दिलीप वळसे पाटील यांच्याकडे होते, तेव्हा ही टंचाई आपल्याला दुरून ऐकून माहीत झालेली नाही. तिची कारणेही तेव्हा सर्वांना ठाऊक होती. नव्वदच्या दशकात राज्याने खासगी प्रकल्पांवर भिस्त ठेवली. दाभोळचा एन्रॉनचा प्रकल्प २००१ च्या मे महिन्यात बंद पडला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला निप्पॉन डेन्रोचा १,०८२ मेगावॅटचा कोळसा प्रकल्प केंद्राच्या ‘जलदगती’ यादीत होता, तो कधी उभाच राहिला नाही. या काळात सरकारी वीज मंडळाचे स्वतःचे नवे संचही मागणीच्या मानाने कमी पडले. टंचाई इथून आली.

गिर्येचा प्रस्ताव पुढे आला तो २००६ मध्ये, केंद्राच्या अतिविशाल वीजप्रकल्पांच्या योजनेत. म्हणजे टंचाई आधी आणि गिर्ये नंतर. समजा, गिर्येत कोणी हूं की चूं केले नसते आणि काम वेळेवर झाले असते, तरी वीज कधी आली असती? त्याच योजनेतला गुजरातमधला मुंद्रा प्रकल्प कोणत्याही मोठ्या अडथळ्याशिवाय उभा राहिला, आणि त्याचे पाचही संच सुरू व्हायला २०१३ चा मार्च उजाडला. गिर्ये फार तर त्याच सुमारास आले असते. २००५ ते २०१२ या सर्वांत वाईट वर्षांतला एक तासही त्याने उजळला नसता.

ठीक आहे, असे कोणी म्हणेल, त्यानंतर तरी वीज वाढली असती. याचे उत्तर द्यायला कल्पना लढवावी लागत नाही, कारण तो प्रयोग महाराष्ट्राने प्रत्यक्ष करून पाहिला आहे. २०१० ते २०१७ या काळात राज्यात कोळशाचे किती संच आले ते मोजा. जयगडला १,२०० मेगावॅट. तिरोड्याला ३,३००. अमरावतीजवळ नांदगावपेठला १,३५०. भुसावळला १,०००, खापरखेड्याला ५००, चंद्रपूरला १,०००, कोराडीला ६६० चे तीन. बेरीज १०,००० मेगावॅटच्या पुढे जाते. अडीच गिर्ये त्यात मावतात. शिवाय मुंद्रातही महाराष्ट्राचा ७६० मेगावॅटचा वाटा आहेच.

या विजेने काय केले? घरांचे आणि गावठाणाचे भारनियमन खूप कमी केले, हे मी नाकारत नाही. ज्याने २००६ चा उन्हाळा काढला आहे त्याला हे नाकारता येणार नाही. पण शेतीच्या फीडरचे वेळापत्रक? ते जसेच्या तसे राहिले. दिवसा मिळाली तर आठ तास, रात्री मिळाली तर आठ ते दहा तास, आणि पाळी चक्राकार. अडीच गिर्यांनी जे झाले नाही ते आणखी एका गिर्येने झाले असते, असे मानायला कोणता आधार आहे?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. रात्रीची शेतीची वीज ही टंचाईची खूण आहे, असे आपण धरून चाललो आहोत. ते खरे नाही. रात्रीची पाळी कोळशाच्या विजेतूनच जन्माला आली आहे.

दत्तात्रयनगरला भीमाशंकर कारखान्याचे बॉयलर अग्निप्रदीपन होते तेव्हा काय होते ते इथल्या प्रत्येक ऊस उत्पादकाला माहीत आहे. एकदा बॉयलर पेटला की गाळप अखंड चालावे लागते; संध्याकाळी विझवला आणि सकाळी पेटवला, असे करता येत नाही. वीजकेंद्राचा बॉयलर त्याहून कितीतरी मोठा आणि त्याहून हट्टी. थंड पडलेला संच पुन्हा पूर्ण भारावर आणायला कित्येक तास जातात, तेलही जाळावे लागते. भार कमी करता येतो, पण एका मर्यादेपर्यंतच. आजचे नियम ५५ टक्क्यांपर्यंत उतरण्याची अपेक्षा धरतात, ४० टक्क्यांचे उद्दिष्ट पुढे ठेवले आहे, आणि जुन्या संचांना ५५ टक्केही जड जातात.

म्हणजे कोळशाचे केंद्र रात्री तीन वाजताही वीज करतच राहते. रात्री तीनला ती घेणार कोण? दुकाने बंद, कचेऱ्या बंद, घरात पंखे तेवढे चालू. मागणी पडते, पुरवठा पडत नाही, आणि दोन्ही क्षणोक्षणी बरोबर राहिले नाहीत तर जाळ्याची वारंवारता ढळते. मग रात्रीला मागणी निर्माण करावी लागते. कारखान्यांना रात्रीच्या वापरावर वीजदरात सवलत दिली ती यासाठीच. पण कारखान्याला सवलत देऊन बोलवावे लागते, आणि शेतीच्या फीडरला फक्त वेळापत्रक लावावे लागते. लाखो कृषिपंप असा एक मोठा भार हाताशी होता, जो हलवला तरी तक्रार मुंबईपर्यंत जात नव्हती. राज्याने तो रात्रीकडे ढकलला. दिवसाच्या मागणीचे शिखर खाली आले, रात्रीचा खड्डा भरला, बॉयलर आरामात चालले. या सोयीची किंमत चिखलात वाकलेल्या माणसाने दिली.

यात कोणाचा दुष्टपणा होता असे मी म्हणत नाही. वीजजाळे चालवणाऱ्याच्या दृष्टीने हा शहाणपणाचा निर्णय होता. पण त्यातून निष्कर्ष काय निघतो ते पाहा. कोळशाचे आणखी ४,००० मेगावॅट आले असते तर रात्री तीनला आणखी ४,००० मेगावॅटच्या निम्म्याहून अधिक वीज खपवायची राहिली असती. ती कोणाच्या फीडरवर आली असती? गिर्येचा प्रकल्प झाला असता तर आपल्या रात्रपाळ्या कमी झाल्या नसत्या. त्या पक्क्या झाल्या असत्या.

या युक्तिवादाचा दुसरा खांब म्हणजे स्वस्ताई. समुद्रकाठी प्रकल्प, जहाजाने कोळसा, युनिटला सव्वादोन रुपये. मुंद्राचा करार खरोखरच पंचवीस वर्षांच्या सरासरीने २ रुपये २६ पैशांचा होता. कागदावर याहून सुंदर काही असू शकत नाही. पण तो दर इंडोनेशियातल्या स्वस्त कोळशावर उभा होता. २०१० च्या सप्टेंबरमध्ये इंडोनेशियाने नियम बदलला आणि निर्यातीचा कोळसा जागतिक बाजारभावाशी बांधला. त्या क्षणी मुंद्राचे गणित कोसळले. भरपाईचा दर मागत कंपन्या वीज नियामक आयोगाकडे गेल्या, अपिलीय न्यायाधिकरणाकडे गेल्या, सर्वोच्च न्यायालयाकडे गेल्या. २०१७ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने सांगितले की परदेशातला कायदा बदलला म्हणून करारातला दर वाढवून मिळणार नाही. त्याच वर्षी मुंद्रा चालवणाऱ्या टाटांनी त्यातला ५१ टक्के हिस्सा एक रुपयाला घ्या, असा प्रस्ताव दिला. हजारो कोटींच्या प्रकल्पाचा बहुतांश हिस्सा, एक रुपया.

आंध्रातल्या कृष्णपट्टणमचा प्रकल्प रिलायन्सने २ रुपये ३३ पैशांना घेतला होता. तोही इंडोनेशियाच्या नियमानंतर थांबला आणि पुन्हा सुरू झाला नाही. झारखंडमधल्या तिलैयाला जमीन वेळेत मिळाली नाही, २०१५ मध्ये कंपनीने करार सोडला. देशात असे सोळा अतिविशाल प्रकल्प करण्याचे बोलले गेले, उभे राहिले दोन: मुंद्रा आणि मध्य प्रदेशातला सासन. बाकीच्या चौदा ठिकाणी सगळीकडे काही हापूसच्या बागा नव्हत्या. गिर्येत विरोध झाला म्हणून जागा मुणग्याकडे सरकली आणि पुढे प्रकल्पच बासनात गेला, हे खरे. पण विरोध झाला नसता तर तिथे आज स्वस्त वीज वाहत असती, हे मुळीच खरे नाही. एक तर कृष्णपट्टणमसारखे अर्धवट सांगाडे उभे असते, नाही तर मुंद्रासारखे तोट्याचे केंद्र असते.

आणि अडचणीच्या वेळी ते धावून आले असते का? २०२१ चा ऑक्टोबर आठवून पाहा. देशभर कोळसा कमी पडला, महाराष्ट्रात एकामागून एक संच बंद झाले, महावितरणने लोकांना संध्याकाळी वीज जपून वापरण्याची विनंती केली. त्या दिवसांत आयात कोळशावरचा, बंदराजवळचा, जहाजातून थेट कोळसा घेणारा मुंद्रा काय करत होता? बंद होता. जागतिक बाजारात कोळसा एवढा महाग झाला होता की करारातल्या दरात वीज करणे परवडत नव्हते. २०२२ च्या मे महिन्यात केंद्राला वीज कायद्याचे कलम ११ लावून आयात कोळशावरची केंद्रे चालू करायला लावावी लागली, आणि वाढीव खर्च अखेर ग्राहकांवरच आला. गिर्ये याच जातीचे केंद्र झाले असते. त्याला वर्षाला सव्वा कोटी टनांच्या आसपास कोळसा लागला असता, तो सगळा समुद्रापलीकडून.

इतक्या दूर न जाता आपल्याच रस्त्याने उत्तरेला जा. मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, आणि मग सिन्नर. तिथे गुळवंच-मुसळगावच्या शिवारात २७० मेगावॅटचे पाच संच उभे आहेत, एकूण १,३५०. आधी इंडियाबुल्सचे, नंतर रतनइंडियाचे. हा प्रकल्प कोणी अडवला नाही असे नाही. कोळसा आणणाऱ्या रेल्वेमार्गाच्या जमिनीवरून वाद झाले, काम रखडले. पण केंद्र बांधून झाले. चिमण्या उभ्या राहिल्या. वीज विकत घेण्याचा करार मात्र झाला नाही, आणि ते केंद्र वर्षानुवर्षे थंड पडून राहिले. २०२२ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बँकांचे, म्हणजे ठेवीदारांचे, पैसे त्यात अडकले. ज्यांना वाटते की कोळशाचा प्रकल्प झाला म्हणजे वीज आली, त्यांनी पुणे-नाशिक महामार्गावरून एकदा सिन्नरपर्यंत जाऊन त्या चिमण्या पाहाव्यात. आपल्यापासून सर्वांत जवळचे मोठे कोळसा केंद्र हेच. त्याने अवसरीची एकही रात्र वाचवली नाही.

आता धेरंडच्या लोकांबद्दल, कारण त्यांच्याविषयी जे बोलले जाते ते ऐकून मला मनापासून वाईट वाटते. ते विकासाचे शत्रू, ते आडमुठे, ते कोणाच्या तरी इशाऱ्यावर नाचणारे. शहापूर-धेरंड हा खारजमिनीचा पट्टा आहे. खाडीचे पाणी बांध घालून अडवायचे, बांध फुटला की सगळ्या गावाने मिळून तो रात्रीत बांधायचा, आत भात घ्यायचे आणि तळ्यांत जिताडा वाढवायचा, अशी ती शेती. टाटा पॉवरच्या प्रकल्पासाठी ही जमीन औद्योगिक महामंडळामार्फत घ्यायचे ठरले तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी श्रमिक मुक्ती दलाच्या साथीने लढा दिला. याच अलिबाग तालुक्यातल्या चरी गावाने १९३३ ते १९३९ अशी शेतकऱ्यांची सहा वर्षांची संपाची लढाई लढली होती. नारायण नागू पाटील तिचे नेते होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिच्या पाठीशी होते. कसेल त्याची जमीन हा विचार कायद्यापर्यंत नेण्यात त्या संपाचा मोठा हात आहे. आंबेगावातल्या कितीतरी घरांचा सातबारा आज त्यांच्या नावावर आहे तो पुढे झालेल्या कूळकायद्यामुळे. त्याच मातीतल्या माणसांनी आपली जमीन सोडायला नकार दिला तर त्यांना स्वार्थी म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला? डिंभे धरणात गेलेल्या गावांची आठवण ज्या तालुक्यात अजून जिवंत आहे, त्या तालुक्याला विस्थापन म्हणजे काय ते दुसऱ्याने समजावून सांगायची गरज नाही.

त्यांनी जमीन दिली असती तर काय झाले असते, याचाही दाखला आहे. भद्रावतीच्या शेतकऱ्यांनी नव्वदच्या दशकात निप्पॉन डेन्रोसाठी जमीन दिली. प्रकल्प झाला नाही. जमीन परत मिळाली नाही. नोकरीही नाही, शेतीही नाही, अशा अवस्थेत दोन पिढ्या गेल्या. न झालेल्या प्रकल्पाचे बळी शोधायचे तर ते तिथे सापडतील.

कोळशाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा. हा प्रकल्प गिर्येऐवजी घोड नदीकाठी आला असता तर? नव्या केंद्रांसाठीचा पाणीवापराचा नियम प्रति मेगावॅट-तास ३ घनमीटरचा आहे. १,००० मेगावॅटचे केंद्र वर्षभर बऱ्यापैकी चालले तर पाऊण टीएमसीहून अधिक पाणी पिऊन टाकते. डिंभ्याच्या पाण्यावरून, डिंभे-माणिकडोह बोगद्यावरून, कर्जत-श्रीगोंद्याच्या हिश्श्यावरून आपण किती भांडतो ते सर्वांना माहीत आहे. २०१३ च्या फेब्रुवारीत दुष्काळात पाणी नाही म्हणून परळीचे केंद्र पूर्ण बंद ठेवावे लागले होते. पिकाला पाणी देण्यासाठी वीज हवी, आणि विजेसाठी पिकाचेच पाणी द्यायचे, असा तो व्यवहार. आणि राख? २०२२ च्या जुलैमध्ये कोराडी केंद्राचा राखेचा बंधारा फुटून राखेचे पाणी शेतांत आणि नदीत गेले. आपल्या घरातला दिवा विदर्भाच्या राखेवर जळतो. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, तिरोडा ही नावे आपण फक्त मेगावॅट म्हणून वाचतो, तिथले लोक ती श्वासातून ओळखतात. ज्यांनी हे आपल्या गावात नको म्हटले त्यांना दोष देण्यापूर्वी, आपण आपल्या गावात हो म्हणालो असतो का, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. मी म्हणालो नसतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. कोळसा नको म्हणता, मग वीज कुठून आणायची? सूर्य रात्री नसतो.

नसतो, हे खरेच. पण पंपाला रात्री वीज लागत नाही. पंपाला रात्री वीज दिली जाते. हा फरक एकदा लक्षात आला की सगळा प्रश्न वेगळा दिसू लागतो. दवाखान्याला, पाणीपुरवठ्याला, घराला, कारखान्याला रात्री वीज लागते, त्यासाठी असलेली कोळसा केंद्रे अजून बरीच वर्षे चालतील. कोयनेचे १,९६० मेगावॅट आहेत. घाटघरला २५० मेगावॅटचे उदंचन केंद्र २००८ पासून आहे, जे स्वस्त विजेच्या वेळी पाणी वर चढवते आणि गरजेच्या वेळी खाली सोडते. तसेच माळशेज घाटात ७०० मेगावॅटचे करायचे बोलणे जुन्नरकरांनी कित्येक वर्षे ऐकले आहे. संध्याकाळची दोन-चार तासांची मागणी हा खरा अवघड भाग आहे, आणि साठवणुकीचे उपाय अजून पुरेसे नाहीत, हे मान्य. पण शेतीचा पंप त्या अवघड भागात येतच नाही. विहिरीतले पाणी दुपारी बारालाही उपसता येते. सूर्याच्या विजेला सर्वांत सोपे, सर्वांत सोयीचे गिऱ्हाईक कोणी असेल तर तो कृषिपंप.

आणि वीजजाळ्याचे गणितही आता उलटले आहे. पूर्वी रात्रीची वीज फालतू आणि दिवसाची महाग होती. सौरप्रकल्प वाढले तसे दुपारी वीज मुबलक झाली. २०२३ मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत बदल करून सूर्यप्रकाशाच्या तासांतला दर इतर वेळेपेक्षा कमी ठेवायला सांगितले. ज्या कारणासाठी आपल्याला रात्रीकडे ढकलले होते, ते कारणच दिवसेंदिवस नाहीसे होत चालले आहे.

राज्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. उपकेंद्राच्या जवळ काही मेगावॅटचे सौरप्रकल्प उभारायचे आणि त्यांची वीज थेट शेतीच्या फीडरला द्यायची, अशी तिची रचना आहे. उद्दिष्ट १६,००० मेगावॅटपर्यंत वाढवले आहे, आणि विजेचा दर साधारण ३ रुपये युनिट पडतो. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला ३ मेगावॅटचा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला आणि तिथल्या परिसरातल्या शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळू लागली. तीन मेगावॅट. गिर्येच्या हजारातला एक हिस्साही नव्हे. कारण शेतीच्या एका फीडरला मुळात लागतेच तेवढी.

मी या योजनेचा भाट नाही. गायरान घेताना धनगरांची, भूमिहीनांची आणि गावातल्या जनावरांची सोय पाहिली जात नाही, अशा तक्रारी आहेत आणि त्या ऐकल्या गेल्या पाहिजेत. धेरंडच्या शेतकऱ्याला जो न्याय मी मागतो तोच गायरानावर शेळ्या चारणाऱ्याला मिळायला हवा. खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आणि दरवर्षी तीन टक्के वाढ अशी तरतूद आहे, तेव्हा ज्याची माळरानाची जमीन पडीक आहे त्याला विचारता येईल. ग्रामसभेला विश्वासात न घेता काटेरी कुंपण घालायला कोणी आले तर मी त्याच्याही विरोधात उभा राहीन. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ च्या एप्रिलपासून वीज मोफत आहे, हे सांगून दिवसाच्या मागणीचे तोंड बंद करण्याचा प्रयत्नही होतो. मध्यरात्रीची मोफत वीज घेण्यापेक्षा दुपारची वीज बिल भरून घ्यायला तयार असलेली घरे आपल्याकडे किती आहेत, हे एकदा गावोगाव विचारून पाहावे.

म्हणून कोकणाकडे बोट दाखवणाऱ्यांना माझे सांगणे आहे की तो हात खाली घ्या आणि त्याच हाताने अर्ज लिहा. अवसरी खुर्दच्या शिवाराला वीज देणारे शेतीचे फीडर कोणते, ते कोणत्या उपकेंद्रावरून निघतात, त्या उपकेंद्रासाठी सौरप्रकल्प मंजूर आहे का, असल्यास किती मेगावॅटचा, जागा कोणती आणि काम कोणत्या टप्प्यावर आहे, हे ग्रामसभेच्या ठरावाने महावितरणच्या मंचर विभागाला लेखी विचारू या. नसल्यास बिबट्यांच्या या चार तालुक्यांना राज्यात अग्रक्रम का नाही, हेही विचारू. प्रकल्प होईपर्यंत निदान ऊसपट्ट्यातल्या फीडरची रात्रपाळी बंद करून तो भार दुपारी घेता येईल का, याचे उत्तर आकड्यांनिशी मागू. तसे आकडे आहेत. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राकडे राज्याच्या मागणीची नोंद तासागणिक असते. आपल्याच गावात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांना सोबत घेऊन आपल्या फीडरची एका वर्षाची नोंद मांडली तर पुढच्या बैठकीत कार्यकारी अभियंत्यासमोर आपण नुसता राग घेऊन जाणार नाही. रब्बीच्या कांद्याची लागण सुरू होण्याआधी हा ठराव व्हायला हवा.